कुरकुऱ्याचं वर्ष

५ जानेवारी, रविवार

काळं बटण मला आलं! मला!

जन्मात कुणाला धड नाही म्हटलं नाही, आणि आता वर्षभर नाही-नाही करत बसायचं. टूम हिची. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही पाच जण जेवणाच्या टेबलाभोवती बसतो – मी, ही, धाकटा भाऊ, त्याची बायको आणि बेबी. बेबी म्हणजे आमची बहीण. साठीची झाली तरी बेबीच. पाच जणांची सामाईक पुंजी आहे, शेअर बाजारात लावलेली. इतकी वर्षं पद्धत एकच – काही घ्यायचं-विकायचं तर पाचही हात वर. एक खाली राहिला की विषय मिटला.

आज ही म्हणाली, "या टेबलावर सगळे 'घे घे' म्हणणारे. 'पडलं तर?' म्हणणारं एक तरी तोंड नको?" म्हणून आता दरवर्षी एक कुरकुऱ्या नेमायचा. त्याने फक्त वाईट तेवढं बघायचं. लाभांशाचे म्हणून जे सुटे पैसे येतात ते त्याच्या हवाली – पण खर्च करायचे ते पडझडीच्या बंदोबस्तावरच. त्यात कुणी आडवं यायचं नाही. टोमणे मारायला मोकळीक!

बेबीने दुकानातल्या चिंध्यांची नाडीवाली पिशवी शिवून आणली होती. आत पाच बटणं – चार पांढरी, एक काळं. मोठा म्हणून पहिला हात माझा. बाहेर आलं ते काळंच! सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. हिने नाडी आवळून पिशवी कपाटात टाकली नि चहाचं आधण ठेवलं.

धाकट्याला हसू आवरेना. "दादा आणि कुरकुऱ्या? अगं वहिनी, हा माणूस बंद लिफ्टमध्ये अडकलेल्यांना बाहेरून विनोद सांगायचा!"

खोटं नाही. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. वर जाणारी वस्तू मला मुळातच आवडते.

८ जानेवारी

बाजार वर. मी खूश. मग आठवलं – मला यंदा खूश व्हायला बंदी आहे.

१३ जानेवारी

बेबीचा फोन. आवाजच सांगत होता काहीतरी बिनसलंय.

बसथांब्यासमोरचं तिचं रफूचं दुकान. चिंचोळं, पण उजेड असा की काळ्या कोटावर काळा धागा दिसतो. तिच्या हातचं काम असं की फाटलं कुठे होतं ते कोटाचा मालकही विसरतो. दुकान मात्र भाड्याचं. म्हातारे मालक गेले, मुलगा विकायला निघालाय. माणूस बरा आहे – "मावशी, पहिला हक्क तुमचा," म्हणाला. पण कागदांवर त्याच्या दोन बहिणींच्या सह्या व्हायच्यात, एक परदेशात. सह्या झाल्या की पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम द्यायची. नाही जमलं तर शेजारचा मोबाइलवाला पैसे घेऊन दारात उभाच.

संध्याकाळी पाचही जण जमलो. काही बोलावंच लागलं नाही. पुंजी बेबीच्या दुकानाला! ती म्हणत होती, "अरे, तुमच्या म्हातारपणाचे पैसे –" धाकट्याने तिला पुढे बोलूच दिलं नाही. "तू गप. आमच्या लग्नाच्या कोटांना कुणी रफू केलं होतं?"

असा आहे धाकटा. चिडवेल, छळेल, पण अंगावरचा शर्ट काढून देईल.

१९ जानेवारी

हिशेब मला मजल्यांतच कळतो. आमची पुंजी आज दहाव्या मजल्यावर आहे असं धरू. बेबीचं दुकान सातव्यावर मिळतं. शिवाय तिला दोन नवी शिलाई यंत्रं घ्यायची तर जवळजवळ नववा मजला हवा. म्हणजे दहावरून सातापर्यंत घसरलो तरी चालेल. सातव्याच्या खाली गेलो तर बेबीचं सामान फुटपाथवर.

आजवर मी फक्त वर बघत होतो. आज पहिल्यांदा जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून बघितलं.

२६ जानेवारी

वाचनालयातून आणलेलं जाड पुस्तक संपवलं. निम्मं कळलं, निम्मं पुन्हा वाचलं. आणि एक गोष्ट अशी चमकली की चष्मा काढून ठेवला.

आमचे शेअर सात कंपन्यांचे. आम्ही छाती फुगवून सांगायचो – सगळी अंडी एका टोपलीत ठेवली नाहीत म्हणून! पण कंपन्या बघितल्या तर? सिमेंट. पोलाद. फरश्या. रंग. घरांना कर्ज देणारी. पाच कंपन्यांचं पोट एकाच गोष्टीवर – लोक घरं बांधतायत यावर. लिफ्टला चार-पाच दोर असतात ते एक तुटला तर बाकीच्यांनी तोलावं म्हणून. आम्ही सगळे दोर एकाच कडीत अडकवले होते! एवढी वर्षं दुसऱ्यांच्या कड्या तपासत हिंडलो, आणि घरची ही कडी कधी दिसली नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

बैठक. कुरकुऱ्याचं पहिलं भाषण. घसा दोनदा खाकरला.

कडीचं सांगितलं. ते सगळ्यांना पटलं. पोलाद आणि फरश्या काढून औषधं आणि साबणवाली कंपनी घ्यायची ठरलं. पाचही हात वर. मग मी खरं ते काढलं – सातव्या मजल्याएवढे शेअर आत्ताच विकून पैसे बँकेत ठेवू, वरचं राहू दे बाजारात.

चार हात वर झाले. माझा स्वतःचा सगळ्यात शेवटी, तेही चोरून – कारण मनातून मलाही विकायचं नव्हतं! धाकट्याचा हात टेबलावरच.

"चढत्या बाजारात विकायचं? दादा, तुला काळं बटण चढलंय."

त्याची बायको, आमची धाकटी, म्हणाली, "अहो, पण ताईंचं दुकान –"

"ताईच्याच दुकानासाठी म्हणतोय ना! बारावा मजला गाठला तर दोन काय, तीन यंत्रं घेईल. वर पाटी बदलेल."

तेव्हा ही शांतपणे म्हणाली, "भाऊजी, तुम्ही गाडी चालवायला शिकवता. शिकाऊ माणसाच्या पायाखाली ब्रेक असतोच. मग तुमच्या बाजूला दुसरा कशाला बसवलाय?"

"तो वेगळा विषय आहे, वहिनी."

"हो का! बरं."

विषय मिटला. हात खाली तर खाली. पद्धत ती पद्धत. पण कुरकुऱ्याच्या हातात लाभांशाचे पैसे आहेत, हे धाकटा विसरला.

११ फेब्रुवारी

दलालाच्या ऑफिसात गेलो. तिथली चष्मेवाली मुलगी हुशार, वर सोशिक. तिने समजावलं – शेअर न विकता पडझडीपासून वाचायचं तर पुट घ्यायचा, म्हणजे शेअरचा विमाच. हप्ता भरायचा. मुदतीत बाजार ठरल्या पातळीच्या खाली गेला तर खालचा फरक आपल्याला भरून मिळतो. नाही गेला तर हप्ता बुडाला. "परत मिळत नाही हं, काका. नंतर भांडायला येऊ नका."

"भांडतोय कशाला?" म्हटलं. लिफ्टखाली दोन पोलादी जबडे असतात. पाळणा प्रमाणाबाहेर वेगाने खाली निघाला की ते रुळाला चावतात, पाळणा जागच्या जागी. दरवर्षी त्यांची तपासणी करून इमारतवाल्यांना बिल द्यायचो. दरवर्षी कुणीतरी विचारायचं, "कधी लागले का हो हे?" नाही लागले! म्हणून तर सगळे जिवंत होते!

एवढी बढाई मारली आणि अर्ज भरताना म्हटलं काय, तर "वर गेला की पैसे मिळतात तो द्या." जिभेला सवयच तशी. मुलीने पेन खाली ठेवलं. "काका, तुम्हाला छत्री हवीय की पतंग?"

छत्री घेतली. जूनअखेरपर्यंत. नवव्या मजल्याची.

२० मार्च

बाजार वर. छत्री कोरडी.

६ एप्रिल, रविवार

अकरावा मजला. धाकटा बैठकीला पेढीच्या मालकासारखा आला. खुर्चीसुद्धा तिरकी करून बसला.

२७ जून

मुदत संपली. हप्ता बुडाला. आणि त्या परदेशातल्या बहिणीची सही अजून व्हायचीच आहे. कागद आले असते तर विकून मोकळे झालो असतो.

दुपारी धाकट्याचा फोन. "दादा, तुझी छत्री उन्हात वाळत घातलीयेस का? रंग उडेल."

म्हटलं, "उडू दे. काडी शाबूत आहे."

फोन ठेवला आणि खिडकीत बसून राहिलो. लिफ्टच्या बिलाचं सांगणं सोपं होतं. ते दुसऱ्यांचे पैसे होते.

६ जुलै, रविवार

पुन्हा घेतली. सप्टेंबरअखेरपर्यंत, नवव्याचीच. बैठकीत सांगितलं तर धाकट्याने वर आढ्याकडे बघून हात जोडले. बेबी पटकन म्हणाली, "दादाने बरं केलं." एवढंच. पण मला बसायला उशी दिल्यासारखं वाटलं.

१५ ऑगस्ट

ही विचारते, "झोप लागते का हल्ली?" लागते. तुला? "मला तर फेब्रुवारीपासून छान लागते," म्हणाली. अजब बाई आहे.

२६ सप्टेंबर

दुसरा हप्ताही बुडाला. सही आजही नाही. बहीण म्हणे पुढच्या महिन्यात स्वतःच येणार आहे.

लाभांशाच्या डब्यात आता खडखडाट. नवव्याची छत्री परवडत नाही. धाकटा आज फोनवर चिडवतही नव्हता, तेच जास्त लागलं – समजुतीच्या सुरात म्हणाला, "सोड ना आता. झालं तेवढं बास. त्या पैशात बेबीला एक चांगली इस्त्री आली असती."

दिवसभर डोक्यात तेच. आली असती. खरंच आली असती.

हिला म्हटलं, माझ्या पेन्शनमधले थोडे घालतो. ही ठाम – "मुळीच नाही. डब्यात आहेत त्यात बसवा. कुरकुऱ्याने डोकं चालवायचं, खिसा नाही."

२९ सप्टेंबर

चष्मेवालीकडे गेलो. तिला विचारलं, "नववा नको. आठव्याची किती?" निम्म्याहून कमी! अगदी बसली डब्यात. म्हणजे अकराव्यावरून आठव्यापर्यंत आपटलो तर ते खरचटणं आपलं आपण सोसायचं. आठव्याखाली मात्र जबडे चावतील. यंत्रांचं बघता येईल, दुकान जाता कामा नये. डिसेंबरअखेरपर्यंत.

ती म्हणाली, "आणि या वेळीही नाही पडलं तर?"

म्हटलं, "तर तुला पेढे." पुढच्या क्षणी वाटलं, देव करो नि पेढे द्यावे लागोत.

१४ ऑक्टोबर

पडला.

सकाळी रेडिओवर ऐकलं. कुठलीशी मोठी घरबांधणी कंपनी बसली, तिच्यामागे कर्ज देणाऱ्या. संध्याकाळपर्यंत आम्ही साडेनवावर.

१६ ऑक्टोबर

पुन्हा. आठ आणि वर थोडं. धाकटा क्लासची गाडी घेऊन थेट दारात. बरोबर शिकाऊ मुलगी, बिचारी गाडीतच बसलेली. हा आत येऊन पाणी प्यायला, बसला, उठला, पुन्हा बसला.

"दादा, तो तुझा विमा सहापटीच्या वर गेलाय! आत्ता विक. दोन्ही वेळचे हप्ते वसूल होतात!"

मोह झाला. खोटं कशाला लिहू? दोनदा बुडाल्यावर पहिल्यांदा हातात काही दिसत होतं. धाकट्याच्या नाकावर टिच्चून वसूल करता आलं असतं.

पण पाळणा खाली निघालेला असताना जबडे काढून भंगारात विकतं का कुणी?

"कागद येईपर्यंत हात लावायचा नाही," म्हटलं.

"मग सगळे शेअर तरी विकू. मी हात वर करतो! हे बघ, दोन्ही करतो!"

धाकटी मागून आली होती. म्हणाली, "फेब्रुवारीत एकच वर केला असतात तर!"

मी त्याला बसवलं. चहा दिला. म्हटलं, "अरे, आता घाबरायचं कारणच नाही. आठव्याखाली जमीन आहे. मी घातलीय." आणि हे बोलताना आवाज जराही थरथरला नाही. माझाच आवाज, पण मलाच ऐकावासा वाटला!

बाहेर त्या मुलीने हॉर्न वाजवला.

२३ ऑक्टोबर

सातवा. रस्त्यात कुणाला हसताना बघितलं नाही. सिमेंटवाले सहाव्याला. साबण आणि औषधं मात्र आपल्या जागी घट्ट, जशी वादळात शहाणी माणसं घरात बसतात.

२ नोव्हेंबर, रविवार

बाजाराने आम्हाला सहाव्याच्याही खाली नेऊन ठेवलंय. छत्री नसती तर आज या टेबलावर बेबीला काय तोंड दाखवलं असतं! विमा धरून आठव्यावर उभे आहोत. पक्के. बाजार पाचावर जावो की तळघरात – आम्ही आठव्यावर! मी बैठकीत आकडा वाचला, तर बेबीने पदर डोळ्यांना लावला, आणि धाकट्याने मान खाली घालून टेबलावरचा एक न दिसणारा डाग पुसायला घेतला.

१२ नोव्हेंबर

सही झाली! ती परदेशातली बहीण विमानतळावरून थेट आली. बेबीकडूनच तिने म्हणे आईच्या जुन्या शालीला रफू करून घेतलं आणि पैसे विचारले. बेबी म्हणते, "मी काय घेणार? तुझी सही दे!"

१३ नोव्हेंबर

विकलं! लागतील तेवढे शेअर आणि विमा, एकाच सकाळी. पाचही हात वर – धाकट्याचा सगळ्यांत आधी, शाळेत उत्तर येणाऱ्या पोरासारखा. चष्मेवालीने सगळं झाल्यावर उठून माझ्याशी हात मिळवला. "काका, आज ऑफिसात हसत आलेले तुम्ही एकटेच." तिला पेढे दिले. ती म्हणाली, "पण हे तर न पडल्याचे होते ना?" म्हटलं, "खा गं. बेबी पडली नाही!"

२१ नोव्हेंबर

दुकान बेबीचं!

किल्ली तीच, कुलूप तेच, तरी तिने दार असं उघडलं जणू आत कुणी पाहुणा बसलाय. मग खुर्चीत बसली, दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. म्हणाली, "दादा, हा उजेड आता माझा."

दुकान होऊन एका यंत्राचे पैसे उरले, थोडे शेअरही राखले. दुसरं यंत्र? धाकट्याने हप्त्यावर आणून ठेवलं. न सांगता. पुठ्ठ्याच्या खोक्यावर जाड पेनाने लिहिलेलं – "छत्रीवाल्या दादाकडून शिकलेल्या गाढवाकडून." बेबीने ते खोकं टाकू दिलं नाही, दर्शनी काचेत मांडलंय! गिऱ्हाइकं वाचतात नि विचारतात. धाकटा त्या रस्त्याने गाडी शिकवणं टाळतो.

आणि शेजारचा मोबाइलवाला पँट घेऊन आला, खिसा फाटला म्हणून. बेबीने शिवून दिला. पैसे पूर्ण घेतले!

७ डिसेंबर, रविवार

गंमत. आता सगळ्यांनाच छत्री हवी! धाकटा म्हणतो, उरलेल्या शेअरवर मोठ्ठा विमा उतरवू, पाच वर्षांचा असेल तर तोही. मी हप्ता विचारून ठेवला होता – सप्टेंबरच्या तिप्पट. भिजल्यावर छत्र्या महागच मिळतात. आणि उरलंय ते पडलं तरी कुणी रस्त्यावर येत नाही. म्हटलं, नाही.

"अरे, पण तूच ना –"

"कुरकुऱ्या आहे मी. सगळे घे म्हणाले की नको म्हणायचं. वर्ष संपलेलं नाही अजून!"

धाकटी टाळ्या पिटत म्हणाली, "दादांना कायमचे कुरकुरे करा!" ही हसली. "छे, छे. पद्धत ती पद्धत. जानेवारीत पुन्हा बटण काढायचं."

काय सांगू, यंदाच्यासारखं वर्ष नाही. बंद लिफ्ट चालू झाल्यावर आतल्या लोकांच्या चेहऱ्यावर जे असतं ना, ते मी महिनाभर आरशात बघतोय.

३ जानेवारी, शनिवार

उद्या बैठक, म्हणून कपाटातून बटणांची पिशवी काढली. माझं काळं बटण वर्षभर पाकिटात होतं, ते परत टाकायला नाडी सोडली आणि सहज टेबलावर ओतली.

चार बटणं. चारही काळी.

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "सापडली का हो पिशवी?"

पाचवं आत टाकलं, नाडी आवळली. "अजून उघडली नाही गं," म्हटलं.

उद्या पहिला हात माझाच. मोठा आहे ना मी!